पोडावरची शिरगणती

२०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून मला जो गट मिळाला, त्यात पांढरकवडा तालुक्यातलं एक गाव आणि त्याला जोडलेला एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती होती. फाट्यापासून गाव आत, पोड त्याहून आत. फाट्यावर काळी-पिवळी मिळायची, तीही सीटा भरल्या तर. हैदराबादचा सात नंबर हायवे (आता त्याचा नंबर ४४) काही फार लांब नाही, पण मधल्या नाल्यावर पूल नव्हता. फेब्रुवारी होता म्हणून माझी मोटारसायकल कोरड्या पात्रातून गेली.

नजरी नकाशा आधीच झाला होता. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. पोडाच्या बाजूला सगळे त्रिकोणच. नाईकाच्या, म्हणजे पोडाच्या प्रमुखाच्या घरापासून सुरुवात केली. म्हाताऱ्यानं बाज टाकली, पाणी दिलं आणि बोटांवर नावं मोजू लागला. तो, बायको, दोन पोरं, थोरली सून, दोन नातवंडं.

"हे सगळे घरीच असतात ना?"

"थोरला अन् सून मिरची तोडाले गेले जी आंध्रात. होळीले येतीन."

"आणि पोरं?"

"आश्रमशाळेत. पावसात नाला उतरू देते का मास्तर?"

नियम साफ होता. ९ ते २८ फेब्रुवारी या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याला इथं मोजायचं नाही. तो जिथं सापडेल तिथं त्याची नोंद. वसतिगृहातली मुलं वसतिगृहात. म्हणजे सातातले चार गेले. मी तीनच नावं लिहितोय हे म्हाताऱ्याच्या लगेच लक्षात आलं.

"राशन कारडावर सात हायेत."

मी नियम समजावला. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "रोड मांगाले गेलो का साहेब म्हनते, तुमची लोकसंख्या भरत नाही. अन् तुमी आले का अर्धे मानसं खोडता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबरच होता. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बारमाही रस्त्यासाठी वस्तीची लोकसंख्या सपाट भागात ५००, आदिवासी क्षेत्रात २५० लागते आणि आकडा जनगणनेचा धरतात. रस्ता नाही म्हणून पोरं वसतिगृहात, रोजगार जवळ नाही म्हणून जोडपी परराज्यात. ती नसताना आम्ही मोजायला जाणार.

पुढची घरंही थोड्याफार फरकानं अशीच. दोन दारांना नुसती कडी होती.

खरी गंमत कामाच्या रकान्यात आली. त्या वर्षी कामावर जायचं अंतर आणि साधन नोंदवायचं होतं, पायी, सायकल, बस वगैरे. पण ते फक्त 'इतर कामगारां'ना. शेतकरी आणि शेतमजूर त्यात नाहीत. नाईकाची बायको हरभरा सोंगायला रोज नाल्यापलीकडे दूरवर चालत जायची. तिला तो प्रश्न लागूच नव्हता. धाकटा पोरगा पांढरकवड्याला जिनिंगमध्ये होता, त्याच्यापुढे 'सायकल' लिहिलं. पोडातून त्या रकान्यात जवळपास तेवढंच.

शिवाय पोडाला स्वतःची ओळही नाही. जनगणना महसुली गाव धरते, पोडाची डोकी गावाच्या आकड्यात मिसळतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावात बस नसेल तर जवळच्या बसचं अंतर तीन गटांत येतं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या वर. नाला कुठल्याच गटात बसत नाही.

२०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०२४ला मंजूर झालेल्या ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्यालाही आधार २०११चेच आकडे. कोलामांसारख्या जमातींसाठी २०२३च्या जनमन योजनेत मात्र १०० लोकवस्तीला रस्ता आहे. एवढी तरी अट खाली आली. पुढची मोजणी २०२७ची, पुन्हा फेब्रुवारीतच. मिरचीची तोडणी तेव्हाही चालूच असणार.