बाळापूरचा म्हणून जपलेला किल्ला

जुन्या कागदांची डागडुजी आणि जतन हा माझा व्यवसाय आहे. विदर्भातील खेड्यांमधून माझ्याकडे येणारे काम बहुतेक मोडी दप्तराचे असते: रुमालात बांधलेल्या वह्या, सनदा, वाटणीपत्रे, कसरीने जाळी केलेल्या पोथ्या. बाळापूरजवळच्या एका गावातून गेल्या उन्हाळ्यात आलेले बोलावणेही असेच होते. वाड्याचे छप्पर पावसाळ्याआधी उतरवायचे असल्याने माळ्यावरचे दप्तर तपासून बांधून ठेवावे, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. ते काम दुपारपर्यंत आटोपले. खरे काम निघाले ते ओसरीच्या भिंतीवरून.

तिथे काळ्या लाकडी चौकटीत एक चित्र टांगलेले होते. तटबंदीने वेढलेले शहर, त्याच्या दोन बाजूंना पाणी, पाण्यात जहाजे आणि काठाला झाडे. घरातले ऐंशीच्या पुढचे काकाजी म्हणाले, "हा आपल्या बाळापूरचा किल्ला हाय भाऊ. माह्या आज्यानं खामगावच्या लिलावातून आनला. कापसाच्या धंद्यातल्या एका साहेबाचा बंगला मोडला, तवा." त्यांच्या सांगण्यात तथ्य वाटावे असे पुष्कळ होते. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उभा आहे, त्यामुळे दोन्हीकडचे पाणी जुळत होते. जहाजे म्हणजे पुराच्या वेळचे डोंगे, असा अर्थ घरात पिढ्यान्‌पिढ्या लावला जात होता. आता ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत लावण्यासाठी त्या चित्राची मोठी प्रत काढायचे ठरले होते आणि खाली घालायचा मजकूरही तयार होता.

काकाजींची परवानगी घेऊन मी चौकट खाली उतरवली. मागच्या फळीचे खिळे गंजून चिकटले होते आणि फळीच्या आम्लाने कागद कडेने तपकिरी पडला होता. चित्राच्या पाठीला हातकागदाचे अस्तर होते, देशी घोटीव कागदाचे. बाळापूर एके काळी कागदासाठी ओळखले जाई, त्यामुळे ते अस्तर बाळापुरी असावे असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण अस्तर इथले असले तरी वरचे पान इथले नव्हते. ते उजेडासमोर धरताच आतल्या जाळीच्या रेघा दिसू लागल्या: एका दिशेला अगदी जवळजवळ असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. तारांच्या साच्यावर लगदा उचलून केलेल्या युरोपीय कागदाची ही खूण आहे. आपल्याकडचा साचा गवताच्या काड्यांचा, आणि त्याच्या रेघा वेगळ्या पडतात.

त्यानंतर मी खिडक्या लावून घेतल्या आणि विजेरी कागदाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश सोडला. चित्राच्या चारही बाजूंनी आयताकृती दाब उमटलेला होता. हा दाब तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा असतो. कोरक अशा पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा खणतो आणि चित्र उलटे कोरतो, म्हणजे छापल्यावर ते सुलटे येते. मग पत्र्यावर घट्ट शाई चोळतात आणि वरचा भाग पुसून काढतात, त्यामुळे शाई फक्त खणलेल्या रेघांत उरते. ओलसर केलेला कागद त्यावर ठेवून पत्रा दोन रुळांमधून इतक्या जोराने ओढतात की कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो. भिंगाखाली पाहिले तर अशा चित्रातली शाई कागदावर किंचित उभी राहिलेली दिसते आणि कोरणीने काढलेली प्रत्येक रेघ बारीक सुरू होऊन फुगते व पुन्हा निमुळती होते. अलीकडच्या छापील नकलेत तिथे ठिपके दिसतात. इथे ठिपका एकही नव्हता. मात्र आकाशातल्या पातळ रेघा जागोजागी पुसट झाल्या होत्या. तांबे मऊ असते, शेकडो प्रती काढल्या की नाजूक रेघा आधी झिजतात. म्हणजे हे पान पत्रा बराच चालल्यानंतरचे होते.

झाडांना कोणीतरी मागाहून हिरवा रंग भरला होता. तो तांब्यापासून केलेला असावा, कारण नेमक्या त्याच जागी कागदाची पाठ करपल्यासारखी तपकिरी झाली होती आणि एका झाडाचा शेंडा बोट लागताच सुटेल इतका ठिसूळ झाला होता.

चित्राभोवती नंतर चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी मी ओलाव्याने सैल करून सोडवली, तेव्हा तिच्याखालून दोन गोष्टी बाहेर आल्या. वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा होता. पुस्तकाचा मजकूर खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात छापला जाई आणि अशी चित्रे वेगळ्या यंत्रावर छापली जात, म्हणून चित्र कुठे शिवायचे हे बांधणाऱ्याला कळावे यासाठी हा आकडा घालत. मधोमध उभी घडीही होती. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या फितीतली मोठी अक्षरे. निम्मी वाळवीने खाल्ली होती, पण उरलेल्यांवरून कोचीन हे नाव लागत होते, आणि खालच्या सूचीतले शब्द डच होते.

डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जानेवारी 1663 मध्ये जिंकले. त्या मोहिमांबरोबर फिरलेल्या फिलिपस बाल्डेउस या डच धर्मोपदेशकाचे मलबार, कोरोमंडल आणि सिलोनविषयीचे मोठे पुस्तक 1672 साली ॲमस्टरडॅममध्ये निघाले आणि त्यात किनाऱ्यावरच्या तटबंद शहरांची अशी पाने होती. अशा पुस्तकांना मागणी असल्याने पुढे अनेक प्रकाशकांनी ती चित्रे पुन्हा कोरून घेतली. वाड्यातले पान त्याच घराण्यातले, एका प्रवासग्रंथातून सुटलेले होते. बाळापूरच्या किल्ल्याचे बांधकाम एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाच्या काळात 1757 साली पुरे झाले.

काकाजींना हे कसे सांगावे याचा मी थोडा वेळ विचार केला आणि तारखांऐवजी तट दाखवायचे ठरवले. चित्रातले बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले होते आणि प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या तटाला समांतर नव्हती, ती त्या तटासमोरच्या शत्रूवर तोफ डागता यावी अशी वळवलेली होती. तोफगोळा झेलायचा म्हणून असा तट उंचीपेक्षा जाडीने बांधत. बाळापूरचा तट विटांचा आणि उंच आहे. काकाजींनी भिंग घेऊन बराच वेळ बुरूज पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे तट खरा, गाव आपलं नाही."

त्यांचे म्हणणे माझ्या सांगण्यापेक्षा नेमके होते. अशा चित्रांत कोरकाने शहर कधी पाहिलेलेच नसे. त्याच्यापुढे लष्करी अभियंत्याचा आराखडा असे, तो तो इमानाने उतरवी आणि रिकाम्या जागेत ढग, जहाजे, झाडे आपल्या मनाने भरी. म्हणूनच ही पाने वाचताना तटावर भरवसा ठेवावा आणि झाडांवर ठेवू नये, असे मला नेहमी वाटते.

"मंग आपल्या किल्ल्याचं असं चित्र कोनीच काहाडलं नाही काय?" त्यांनी विचारले. ही पुस्तके जहाजाने माल नेणाऱ्यांच्या देशात निघाली, त्यामुळे त्यांत बंदरे भरली. वऱ्हाडचा कापूस किनाऱ्यापर्यंत बैलांच्या पाठीवर जात असे आणि इथल्या तटांपाशी त्यांचे जहाज कधी लागणार नव्हते. हे ऐकून काकाजी गप्प झाले नाहीत, त्यांनी नातवाला हाक मारली. तो अकोल्याला स्थापत्य शिकतो.

पान मी आम्लमुक्त पुठ्ठ्यात, कागदी पट्ट्यांच्या सैल बिजागऱ्यांवर बसवून दिले आणि भिंतीवर पुन्हा टांगू नये असे सांगितले. ग्रामपंचायतीसाठी ठरलेला मजकूर घरच्यांनी मागे घेतला. नातू आता सुट्टीच्या दिवशी मोजपट्टी घेऊन किल्ल्याबाहेरून फिरतो. मन नदीकडची बाजू त्याने कागदावर उतरवली आहे आणि बुरुजांना अ, आ, इ अशी अक्षरे घालून खाली सूची लिहायला घेतली आहे. झाडे काढू नकोस, असे काकाजींनी त्याला बजावले आहे.