तीसास तीस: आमच्या कारखान्याची वाटचाल

लालबागच्या चाळीत दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मी प्लास्टरचे मावळे करायचो. तिथून व्हाइट मेटलच्या, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूच्या, २८ मिलिमीटर सैनिकांवर आलो. मधली वर्षं ऑर्डरी आल्या, गेल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते एका व्यापाऱ्याबद्दल. आमचे संच ठोक भावात नेले आणि त्यांच्यावरूनच रबराचे साचे पाडले. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल किंचित बुटकी येते, चेहऱ्याची कड बोथट होते. गिऱ्हाईक हे बघत नाही, भाव बघतं. त्याचा भाव आमच्या निम्मा. सहा महिन्यांत आमचं ओतयंत्र विकायला निघालं, एक जण बघूनही गेला. ती जखम अजून भरलेली नाही.

तेव्हा गोरेगावचे एक निवृत्त इतिहास शिक्षक, आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, कारखान्यात येऊन म्हणाले, "अहो, तुमचे सैनिक लोकांच्या कपाटात बसलेत. त्यांना लढाई द्या, पटावरचा खेळ करा." लढाईही सरांनीच सुचवली: १३५१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जोस्लँ आणि प्लोएर्मेल या गावांच्या मधोमध ठरवून झालेली, तीस विरुद्ध तीस. फ्रेंच पक्षाचा नायक बोमनवार, इंग्रज पक्षाचा बेंबरो, आणि बेंबरोच्या तुकडीत इंग्रजांबरोबर जर्मन आणि ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीचेच लोकही. मुंबईच्या खोलीत हजारांची लढाई मांडायला टेबल कुठून आणणार? साठ पुतळे तीन फुटी चौकोनात बसतात.

खेळाची आखणी सरांनी आणि मी चार रविवार केली. लढाई बराच वेळ चालली, मध्ये दोन्हीकडचे थांबून पाणी प्यायले, जखमा बांधल्या. म्हणून चौथ्या फेरीनंतर विश्रांती ठेवली, त्यात जखमी परत उभे राहतात. बोमनवारच्या बाजूचा गियोम द मोंतोबान घोड्यावर चढून इंग्रज रांगेत घुसला आणि रांग मोडली, म्हणून घोडेस्वार एकच, आणि तो विश्रांतीनंतरच पटावर येतो. बेंबरो पडला की त्याची बाजू लगेच हरत नाही, फक्त फासे जड होतात. हा नियम सरांचा.

असा खेळ नवीन करणाऱ्यांना सांगतो, पट भरू नका. रांगांच्या पाठीमागे वीतभर जागा सोडा, नाहीतर घोडा वळणार कुठे? फेऱ्या आठच ठेवा. साच्याच्या जोडावर राहिलेला धातूचा पापुद्रा रंग लावण्याआधी कानशीने काढा, आणि कथिलात शिसं असेल तर हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

संच चालला. यंत्र विकलं नाही. त्या व्यापाऱ्याने आता हाही उचललाय. पण विश्रांतीचा नियम त्याच्या कागदावर नाही, त्यामुळे त्याचा घोडा पहिल्याच फेरीत येतो आणि खेळ अर्ध्या तासात संपतो. सरांनी त्याचा संच विकत आणून मला हे खेळून दाखवलं, आणि जाताना आमच्या संचाचे सहा डबे नातेवाइकांसाठी घेऊन गेले.