कोलोनच्या जिन्यातला विनोद

नोव्हेंबरात जर्मनीतल्या कोलोनला साडेचारच्या सुमारास अंधारून येतं. पाऊस, ओले कोट, उतरलेले चेहरे. आणि नेमक्या याच महिन्यात, 11 तारखेला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी, इथल्या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो. विदूषकाची टोपी घातलेली माणसं ट्राममध्ये चढतात आणि कुणी वळूनही बघत नाही.

ही नुसती मौजमजा नव्हे, हे मला वरच्या मजल्यावरच्या आजींमुळे कळलं. 30 मे 1942 च्या रात्री ब्रिटिशांची हजारभर विमानं या शहरावर चालून आली. युद्ध संपेपर्यंत जुन्या शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला होता. 1949 साली त्याच ढिगाऱ्यांमधून पुन्हा कार्निव्हलची मिरवणूक निघाली. तिचं घोषवाक्य होतं, 'आम्ही परत आलोय, जमेल तेवढं करतोय.' आजी तेव्हा शाळकरी होत्या. वडील युद्धातून परतलेच नाहीत. "त्या दिवशी आई हसली," एवढंच त्या सांगतात.

गेल्या हिवाळ्यात बाबांना सांगलीत अ‍ॅडमिट केलं. विमानाचं तिकीट मिळालं ते दोन दिवसांनंतरचं. जिन्यात आजी भेटल्या. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. 'होईल सगळं ठीक' असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. पायरीवर बसल्या, मलाही बसवलं आणि ट्यूनेस-शेलचा किस्सा सुरू केला. हे दोघे इथल्या जुन्या बाहुलीनाट्यातले: ट्यूनेस लाल नाकाचा, भोळा, खेडवळ, शेल तिरळा आणि बेरकी. जुन्या शहरात त्यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. येणारेजाणारे ट्यूनेसचं नाक चोळतात, त्यामुळे तेवढंच लखलखत असतं.

तर ट्यूनेस पुलावरून वाकून पाण्यात बघतोय.

"काय शोधतोस रे?"

"चष्मा पडलाय मोझेलमध्ये."

"अरे, ही मोझेल नाही, ऱ्हाईन आहे!"

"असेल बाबा. चष्म्याशिवाय मला कसं दिसणार?"

मला खुदकन हसू आलं, पाठोपाठ रडूही. आजींनी दोन्ही होऊ दिलं.

दुःखात असलेल्याला आपण सल्ले देतो, नामस्मरण सुचवतो. त्याला हसवायला मात्र कचरतो. त्याच्या दुःखाचा अपमान होईल असं वाटतं. होत नाही. फक्त आधी त्याचं नीट ऐकून घ्यायला हवं. कुठे थांबायचं हेही या शहराला कळतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा कार्निव्हलच्या सोमवारी ठरलेल्या कार्यक्रमाऐवजी शांततेचा मोर्चा निघाला.

त्या रात्री फोनवर बाबांना तोच विनोद सांगितला. मोझेलच्या जागी वारणा, ऱ्हाईनच्या जागी कृष्णा. पलीकडून आधी खोकला आला, मग हसणं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा बाबांनी तो वॉर्डातल्या सिस्टरना ऐकवलेलाही होता, पूल हरिपूरचा करून आणि पदरची चार वाक्यं घालून.