लाडवांचा हिशेब

सातव्या महिन्याच्या तपासणीत वजनकाट्याने चार आठवड्यांत साडेतीन किलोंची वाढ दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी आधी माझा रक्तदाब मोजला, घोट्यावर बोट दाबून सूज आहे का ते पाहिले आणि मगच विचारले, "दिवाळीत काय काय खाल्लेत?" फराळ संपतो न संपतो तोच डोहाळजेवण झाले होते, आणि माहेरहून आलेला डिंकाच्या लाडवांचा डबा तर माझ्या उशाशीच असे.

एकाएकी वाढलेले वजन हे अंगात पाणी साठल्याचे, म्हणजेच गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराचे लक्षण असू शकते, म्हणून ती तपासणी आधी. सुदैवाने रक्तदाब ठीक होता, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासलेली साखरही १४० च्या आत निघाली. दोष लाडवांचाच होता.

"दोन जिवांची आहेस, दोघांचे खा" हा सासूबाईंचा आग्रह मायेचा असला, तरी त्यातले गणित चुकीचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज एखादी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध; त्यापुढे फारसे काही नाही. तुपात तळलेल्या डिंकाचे दोन मोठे लाडू खाल्ले, की ही शिल्लक तिथेच संपते आणि उसळीतली प्रथिने मिळायची ती राहूनच जातात. प्रथिनांची गरज तर शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅमने वाढते.

वाढलेले सगळे वजन बाळाचे नसते, हेही मला तेव्हाच कळले. बाळ साधारण तीन किलोंचे. बाकीचे वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय आणि रक्त, शिवाय अंगावर दूध येण्यासाठी शरीराने राखून ठेवलेली चरबी, यांचे. माझे आधीचे वजन ५२ किलो, उंची पाच फूट दोन इंच. अशा मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन आपल्याकडे दहा-बारा किलोंनी वाढले, तर ते योग्य मानतात. मात्र हा आकडा सगळ्यांना लागू नाही. त्याच सुमारास दिवस गेलेली माझी जाऊ माझ्याच उंचीची, पण जेमतेम ४२ किलोंची होती; तिला डॉक्टरांनी अधिक वजन वाढवायला सांगितले होते. एकाच घरात एकीचे लाडू बंद आणि दुसरीला दोन वेळा आग्रह, हा प्रकार सासूबाईंना पक्षपाताचा वाटला. (जावेलाही वाटला असावा; ती माझ्यासमोर लाडू खाताना पाठ फिरवून बसे.)

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. लोहाची गोळी मी सकाळच्या चहाबरोबर घेत असे आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हते. मग ती गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियमची गोळी दुपारी, अशी घडी बसवली, कारण या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात.

लाडवांचा डबा सासूबाईंनी फडताळात वर ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, दर रविवारी आम्हा दोघींची वजने लिहायला सुरुवात केली. माझा शेवटचा आकडा ६४ आहे. जावेच्या ५६ भोवती त्यांनी लाल पेनने गोल केला आहे.