तो झाकला का गेला? – ड्राफ्टच्या वहीतली नवी नोंद

अमेरिकन फुटबॉलमधल्या रिसीव्हरची (पास झेलणाऱ्यांची) यादी संपली, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणारे) निम्म्यावर आलेत आणि या आठवड्यात गार्ड-सेंटरना, म्हणजे आक्रमणाच्या फळीतल्या मधल्या गड्यांना, हात घातला. कॉलेज फुटबॉलचा नवा हंगाम उभा राहीपर्यंत हीच तालीम चालेल. एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, तो ड्राफ्ट. जुन्या ड्राफ्टमधले तिसऱ्या फेरीत किंवा त्यानंतर निवडले गेलेले खेळाडू घ्यायचे, त्यांचे कॉलेजचे शेवटचे दोन हंगाम बघायचे, आणि निवडीच्या दिवसापर्यंत जे कळू शकत होतं तेवढ्यावरच शेरा लिहायचा. पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि ते डोळ्यांसमोर नाचत राहतं. म्हणून गाजलेल्या प्रत्येक नावाबरोबर त्याच ड्राफ्टमधली, त्याच जागेवर खेळणारी, आगेमागेच निवडली गेलेली दोन न गाजलेली नावं घेते आणि तिघांनाही एकच प्रश्नावली लावते. गाजलेल्याच्या शेऱ्यात जे लिहिलं ते न गाजलेल्यालाही लागू पडत असेल, तर तो मुद्दा फुकट. तो खोडायचा.

या खोडाखोडीतून वहीत एक नवा रकाना आला आणि आता तो सगळ्यात पहिला आहे: हा खेळाडू झाकला का गेला, म्हणजे संघांच्या नजरेतून का सुटला? कारण लिहून झालं की दुसरा प्रश्न आपोआप येतो. ते कारण त्याच्याबरोबर रविवारच्या, म्हणजे एनएफएलच्या, मैदानावर जाणार आहे की कॉलेजातच राहणार आहे? लहान विद्यापीठाचं नाव कॉलेजातच राहतं. आखूड हात बरोबर जातात. बरी झालेली दुखापत मागे राहते, वारंवार उलटणारी बरोबर येते. चाळीस यार्डांच्या धावेची संथ वेळ बरोबर येतेच, पण ती कितपत आडवी येईल हे तो कसा खेळतो यावर ठरतं. माझ्या मते स्लीपर, म्हणजे असे नजरेतून सुटलेले चांगले खेळाडू, शोधायचं बरंचसं काम या एका रकान्यात आहे. बाकीचे रकाने त्याला पुरवणी.

रिसीव्हर कूपर कपपासून सुरुवात केली, कारण त्याच्या शेऱ्यात दोन्ही प्रकारची कारणं शेजारी शेजारी बसतात. ईस्टर्न वॉशिंग्टन हे चेनी नावाच्या छोट्या गावातलं विद्यापीठ. मैदान लाल रंगाचं, आणि संघ एफसीएसमधला, म्हणजे डिव्हिजन वनच्या धाकट्या पातळीवरचा. चार हंगामांत ४२८ झेल, ६,४६४ यार्ड, ७३ टचडाउन. आकडे इतके फुगीर की समोरचे बचावपटू कच्चे होते म्हणून झालं, असं म्हणून मोकळं होता यायचं, आणि बरेच जण झालेही. पण तो संशय तपासायची सोय वेळापत्रकातच होती. एफसीएसचे संघ वर्षातून एखादा सामना बड्या विद्यापीठाशी खेळतात. २०१५ मध्ये ओरेगनविरुद्ध कपने १५ झेल घेतले, २४६ यार्ड, ३ टचडाउन. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टनविरुद्धही ३ टचडाउन होते. म्हणजे पहिलं कारण कॉलेजात राहणारं निघालं.

दुसरं कारण चाळीस यार्डांच्या धावेचे ४.६२ सेकंद. हे मात्र खरं होतं आणि बरोबर जाणार होतं. इथे टेप, म्हणजे सामन्यांचं चित्रण, कामाला येते. कप सरळ धावून कुणाला मागे टाकत नव्हता, तो वळणावर सुटत होता. मार्गाच्या टोकाला पोचताना वेग न मोडता कंबर खाली घ्यायची आणि दोन पावलांत दिशा बदलायची, हे त्याचं बळ. कम्बाइन या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, तीन शंकूंभोवती वळत धावायच्या शर्यतीत त्याची वेळ ६.७५ होती आणि ती टेपशी जुळत होती. रॅम्सनी २०१७ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर घेतलं. २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन, तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि वर सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. संथ तो तेव्हाही होता. त्याचं काम वेगावर चालत नव्हतं, एवढंच.

पुका नाकुआचा शेरा लिहायला जास्त वेळ लागला. बीवायूमधल्या (ब्रिगम यंग विद्यापीठातल्या) शेवटच्या, २०२२ च्या हंगामात तो फक्त नऊ सामने खेळला. झेल ४८, यार्ड ६२५. कागदावर हा पाचव्या फेरीचाच माणूस दिसतो, आणि रॅम्सनी २०२३ मध्ये त्याला तिथेच, १७७ व्या क्रमांकावर घेतलं. झाकला जाण्याचं कारण दुखापती आणि बेताचा वेग. टेपवर दिसतं ते वेगळंच. चेंडू हातात आल्यावर पहिला बचावपटू त्याला क्वचितच एकट्याने पाडतो. त्याला धावबाजाच्या जागेवरूनही चेंडू देत होते, म्हणजे प्रशिक्षकांना तो कसाही करून हातात चेंडू असलेला हवा होता. आणि चेंडू दुसरीकडे जात असतानाही तो मनापासून अडवतो. पहिल्याच हंगामात त्याने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड केले. नवख्या खेळाडूंचे दोन्ही विक्रम मोडले, त्यातला यार्डांचा १९६० पासूनचा होता.

कप आणि नाकुआ दोघेही रॅम्सकडेच गेले हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रशिक्षक शॉन मॅकव्हेच्या आक्रमणात रिसीव्हरला आत येऊन अडवावं लागतं, म्हणून त्या संघाला हा बांधा, ही चिकाटी दिसते. तेव्हा वहीत आता एक जोड-रकाना आहे: कोणत्या दोन-तीन संघांना हा माणूस उपयोगी? एकही नाव सुचलं नाही तर शेरा मोठा असूनही मी त्याला खाली ढकलते.

टेपविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे फक्त प्रक्षेपणाची टेप असते. वरून सगळे बावीस जण दिसणारं चित्रण कॉलेज पातळीवर आपल्या हाती सहजी येत नाही. प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे असतो, रिसीव्हर दहा-पंधरा यार्डांपुढे गेला की चौकटीबाहेर, आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, तर चेंडू उडाल्यावरच दिसतो. म्हणून सेफ्टींना मी गुण देतच नाही. जे दिसत नाही त्याला गुण द्यायचे नाहीत, हा नियम मी सगळ्यांनाच सुचवेन. उलट लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले गडी, आणि एज रशर स्नॅपपासून (चेंडू खेळात येतो तेव्हापासून) शिट्टीपर्यंत बहुतेक वेळ चौकटीत असतात. घरी बसून मूल्यमापन करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात प्रामाणिक जागा आहे, आणि नेमकी तीच आपल्यातले पुष्कळ जण कंटाळवाणी म्हणून सोडून देतात.

एज रशरमध्ये मॅक्स क्रॉस्बी आणि डॅनिएल हंटर ही जोडी मुद्दाम एकत्र घेतली. क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनचा, म्हणजे मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला. आकडे चांगले, विद्यापीठ लहान, अंग सडपातळ. २०१९ च्या कम्बाइनमध्ये ४.६६ ची धाव आणि तीन शंकूंची ६.८९. या आकाराच्या माणसाला ही दुसरी वेळ विलक्षण आहे. टॅकलच्या, म्हणजे फळीच्या कडेला उभ्या गड्याच्या, खांद्याला वळसा घालताना पाय घसरणार नाहीत, याची ती साक्ष. तरी रेडर्सनी त्याला चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी त्याने १० सॅक केले, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. त्याच्या टेपमधली माझी आवडती गोष्ट मात्र वेळेत मोजता येत नाही. पहिला डाव फसला की तो थांबत नाही, हात बदलतो, पुन्हा आत घुसतो. चौथ्या क्वार्टरमध्येही तेच. सडपातळ अंग हे बरोबर येणारं कारण होतं, पण वजन वाढवता येतं. ही जिद्द बाहेरून आणता येत नाही.

हंटर अगदी उलटा. एलएसयू (लुइझियाना स्टेट) म्हणजे लपायला जागाच नाही असं विद्यापीठ, दर शनिवारी अख्खा देश बघतो. तिथे २०१४ च्या हंगामात त्याचे सॅक फक्त दीड. देह मात्र असा की डोळा ठरत नाही, आणि धाव ४.५७. व्हायकिंग्जनी २०१५ मध्ये ८८ व्या क्रमांकावर घेतला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षी कारकिर्दीतले ५० सॅक पूर्ण करणारा तो तोवरचा सगळ्यात तरुण खेळाडू ठरला. त्याच्या झाकलं जाण्याचं कारण उत्पादन कमी हे होतं, आणि त्या कारणाला वय जोडलं की त्याचा अर्थ बदलतो. विशीतल्या पोराचे दीड सॅक आणि चोविशीतल्या गड्याचे दीड सॅक या दोन वेगळ्या नोंदी आहेत. २०२० च्या महामारीच्या हंगामामुळे खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालं आणि मधली काही वर्षं ड्राफ्टमध्ये चोवीस-पंचवीस वर्षांचे उमेदवार सर्रास दिसले. त्यामुळे मी जन्मतारीख आता वजन-उंचीच्याही आधी लिहिते.

गार्ड आणि सेंटर बघताना मला फार समाधान मिळतं. ही जागा कुस्तीच्या जवळची आहे: कोण खाली राहिला, कुणाचे हात आत गेले, कुणाची कंबर आधी वर आली, एवढ्यावर निकाल लागतो, आणि हे विद्यापीठाच्या नावाने बदलत नाही. क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा, थेट डिव्हिजन थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या पातळीवरचा. तिथे क्रीडा शिष्यवृत्तीसुद्धा नसते. महामारीमुळे २०२० चा हंगाम त्याच्या संघाला मिळालाच नाही, म्हणजे शेवटच्या वर्षाची टेप शून्य. त्याने तो काळ सेंटरची जागा शिकण्यात घातला आणि २०२१ च्या जानेवारीत मोबिल, अलाबामाला सीनियर बोल या ड्राफ्टच्या उमेदवारांच्या सामन्याच्या सरावात बड्या विद्यापीठांच्या बचावपटूंसमोर उभा राहिला. एकास-एक कवायतीत तो हलेना. ब्रॉन्कोजनी तिसऱ्या फेरीत, ९८ व्या क्रमांकावर घेतला, आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. त्याच्या शेऱ्यातली दोन्ही कारणं, विद्यापीठ आणि रद्द हंगाम, कॉलेजातच राहणारी. सहा वर्षं आधी अली मार्पेटचंही हेच झालं होतं. होबार्ट, डिव्हिजन थ्री, सीनियर बोल, मग कम्बाइनमध्ये ४.९८ ची धाव, आणि बक्कनीअर्सकडून दुसऱ्या फेरीत ६१ वा. म्हणून लहान विद्यापीठाचा लाइनमन सीनियर बोलला आला की आठवडाभराचा सराव मी जमेल तितका बघते. शनिवारचा सामना त्यापुढे दुय्यम.

आता एक गोष्ट जी या सगळ्या जुन्या तालमीला थोडी कोंडीत पकडते. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलायची नोंदणी) २०१८ मध्ये आलं, २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे मिळू लागले, आणि लहान विद्यापीठातला चांगला खेळाडू तिथे टिकेनासा झाला. आजच्या काळात कप चार वर्षं चेनीत राहिला असता असं मला वाटत नाही. क्वार्टरबॅक कॅम वॉर्डने सुरुवात इन्कार्नेट वर्डसारख्या एफसीएस विद्यापीठात केली, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला. एज रशर जॅरेड व्हर्स ऑल्बनीहून फ्लोरिडा स्टेटला गेला आणि २०२४ मध्ये १९ व्या क्रमांकावर रॅम्सकडे. म्हणजे शोध संपलेला नाही, तो दोन वर्षं अलीकडे सरकला आहे. एफसीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांची वेगळी पानं आता मी ठेवते. त्यातली काही नावं पुढच्या उन्हाळ्यात बड्या विद्यापीठांच्या यादीत दिसतील, तेव्हा त्यांची जुनी टेप आपल्याकडे आधीच बघितलेली असेल. नॉर्थ डकोटा स्टेटसाठी मात्र मी वेगळं पान ठेवत नाही. जिथून कार्सन वेंट्झ दुसरा, ट्रे लान्स तिसरा आणि ग्रे झेबल पहिल्या फेरीत गेला, तिथे झाकलेलं काही राहिलेलं नाही.

पुढे गाजलेल्या ब्रॉक पर्डीवर मी अजून अडले आहे. २०२२, क्रमांक २६२, शेवटची निवड. आयोवा स्टेटसाठी चार हंगाम सुरुवातीच्या अकरांत खेळलेला क्वार्टरबॅक. उंची कमी, हात मध्यम, ही दोन्ही कारणं बरोबर जाणारी, आणि माझ्या रकान्याप्रमाणे तो खालीच राहतो. चेंडू वेळेवर आणि माणसाच्या पुढे टाकण्याची त्याची सवय टेपवर दिसते, पण त्याच ड्राफ्टमधल्या इतर काही जणांतही ती थोडीफार दिसते. क्वार्टरबॅकला संघ, प्रशिक्षक आणि भोवतालचे खेळाडू इतके लागतात की एकट्या माणसाच्या नोंदीला मर्यादा येते. रकाना मोडायचा की क्वार्टरबॅकसाठी वेगळा करायचा, हे कोणाला सुचलं तर जरूर लिहा. मी त्याचे आयोवा स्टेटचे सामने पुन्हा लावणार आहे, विशेषतः जे हरले ते.

पुढचं काम असं. नोव्हेंबरात मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचे सामने मंगळवार-बुधवारी संध्याकाळी होतात, म्हणजे आपल्याकडे बुधवार-गुरुवारची पहाट. सातचा सामना इथे साडेपाचला लागतो, ऑफिसच्या आधी निम्मा बघून होतो. त्यातले टॅकल आणि एज रशर मी घेते. डॅलस आणि न्यू जर्सीकडच्या मंडळींना शनिवारी दुपारचे एफसीएस सामने सोयीचे, तिकडचे कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारे बचावपटू, तुम्ही बघा. तारिक वूलनसारखा, रिसीव्हरचा कॉर्नरबॅक झालेला उंच पोरगा दिसला तर आधी कळवा. तो यूटीएसएचा (टेक्सास विद्यापीठ, सॅन अँटोनियो), ४.२६ ची धाव, २०२२ मध्ये १५३ वा, आणि पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे मध्येच पकडलेले पास. जागा बदलून फार दिवस झाले नाहीत, हे झाकलं जाण्याचं माझं आवडतं कारण आहे, कारण दर महिन्याला ते थोडं कमी खरं होत जातं.

मार्चमधल्या प्रो डेच्या, म्हणजे विद्यापीठातच होणाऱ्या चाचण्यांच्या, वेळा लिहिताना एक सगळ्यांनी सारखं करू या. त्या हाताने मोजलेल्या असतात आणि आपापल्या मैदानावर घेतलेल्या असतात, म्हणून चाळीस यार्डांच्या वेळेत मी ०.०५ मिळवते आणि बाजूला "प्रो" लिहिते. कम्बाइनचे आकडे तसेच ठेवायचे. दोन्ही मिसळले की एप्रिलमध्ये तुलना करता येत नाही.

गार्ड-सेंटरची पुढची तीन नावं निवडून ठेवली आहेत, त्यात जेसन केल्सी पहिला: सिनसिनाटी, २०११, सहावी फेरी, १९१ वा. वजन कमी म्हणून मागे पडलेला सेंटर. त्याच ड्राफ्टमधले दुसरे दोन सेंटर जोडीला हवेत. कुणाकडे त्यांचे पूर्ण सामने असतील तर या आठवड्यात सांगा, म्हणजे रविवारी तिघांचे शेरे एकत्र लिहिता येतील.