पॅनची गुहा आणि आजींचा ‘इप्नो’

अथेन्सला आल्यावर सगळ्यात आधी कानात बसलं ते ‘या सास’. बेकरीत, बसमध्ये, जिन्यात. भेटताना तेच, निघताना तेच. मी त्याचा अर्थ ‘नमस्कार’ एवढाच धरून चालले होते. मग भाषेच्या वर्गात बाईंनी फोड करून सांगितली: ‘या’ म्हणजे ‘इयिया’, आरोग्य. तुम्हाला आरोग्य लाभो! जुन्या ग्रीकांची आरोग्यदेवी हायजिया ती हीच, वैद्यांचा देव अस्क्लेपियस याची लेक. इंग्रजीतला ‘हायजीन’ याच घरातला, आणि ‘पॅनेसिया’ म्हणजे रामबाण औषध, ती हिची बहीण.

पण माझा जीव जडलाय तो ‘पॅनिक’वर, कारण तो शब्द इथे चालत जाऊन बघता येतो. अक्रोपोलिस या अथेन्सच्या जुन्या गडटेकडीच्या उत्तरेकडच्या उतारावर, पायवाटेच्या वर, कड्यात काही कपारी आहेत. त्यातली एक पॅनची. बकऱ्याचे पाय, डोक्यावर शिंगं, हातात पावा असा हा गुराख्यांचा देव. भर दुपारी निर्जन रानात कारण नसताना गुरं उधळली, माणसाच्या छातीत धस्स झालं, की ते पॅनचं काम. (कोकणात चकवा लागतो म्हणतात, तेव्हा मला हाच आठवतो.)

जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, इ.स.पू. ४९० मध्ये इराणी फौज मॅरेथॉनला उतरली तेव्हा मदत मागायला अथेन्सचा निरोप्या फिदिपिडीज स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगराकडे धावत निघाला. वाटेत डोंगरात पॅनने त्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, मी तुमच्या इतका उपयोगी पडतो, मग अथेन्सचे लोक मला का विचारत नाहीत? लढाई जिंकल्यावर अथेन्सकरांनी त्याला ही गुहा दिली, दरवर्षी बळी आणि मशालींची शर्यत सुरू केली.

पॉसेनियस या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनकाराने लिहिलेली हकिकत तर अंगावर काटा आणते. इ.स.पू. २७९ मध्ये डेल्फी या ग्रीक देवस्थानावर चालून आलेल्या गॉल टोळ्यांच्या सैन्यात रात्री अचानक भीती पसरली. घोड्यांच्या टापा ऐकू येताहेत असं वाटलं, आपल्याच माणसांची बोली ओळखू येईना, आणि ते एकमेकांनाच कापत सुटले. अकारण भीती पॅनकडून येते, असं तो तिथेच नोंदवतो. आजही इथे घबराटीला ‘पानिकोस’च म्हणतात.

शेजारच्या आजी रात्री दार लावताना मला म्हणतात, ‘कालो इप्नो’. छान झोप लागो. हिप्नॉस (आजच्या उच्चारात ‘इप्नोस’) हा निद्रादेव, मृत्यूचा जुळा भाऊ. ‘हिप्नॉसिस’ त्याच्यावरून आला. एवढं वर्गात कळलं होतं. पण ‘इप्नोस’ आणि आपला ‘स्वप्न’ एकाच मुळातून फुटलेत, हे कोशात वाचलं तेव्हा मी पुस्तक तसंच मांडीवर ठेवून बसले. संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे झोपही. दुसऱ्या दिवशी आजींना तो शब्द म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा घोळवला, ‘स्वाप्ना, स्वाप्ना’, आणि आता रात्री दोन्ही म्हणतात.