मराठीला जाड आणि चिंचोळा पिक्सेल फॉन्ट हवाच

जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसणारा, चौकोनी ठिपक्यांचा, जाडजूड पण अंगाने आवळलेला फॉन्ट मला प्रचंड आवडतो. इंग्रजीत असले ढीगभर आहेत, मराठीत मनासारखा एक सापडायची मारामार, आणि त्याचं कारण आळस नाहीये, आपली लिपीच तशी आहे.

इंग्रजीचं सोपं. ऐंशीच्या दशकातल्या आर्केड गेममध्ये एक अक्षर म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा, चौकोन, संपला विषय. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवरचा, डिझायनर सुझन केअरचा शिकागो नावाचा फॉन्ट बघा, उभे दांडे दोन पिक्सेल आणि आडव्या रेघा एक, म्हणून तो एवढा ठसठशीत दिसतो. ही युक्ती आपणही उचलावी.

पण आठ ओळींत मराठी मावतच नाही ना. वर वेलांटी, मात्रा, रफार, मग शिरोरेघ, मग अक्षर, आणि खाली उकार लटकलेला. बाजारात दुकानांवर लाल रनिंग पाट्या असतात त्यात पी-टेन मॉड्यूल, म्हणजे एलईडी दिव्यांचा तयार तुकडा, फार चालतं, ३२ आडवे आणि १६ उभे एलईडी. त्या १६ ओळींचा माझा हिशोब: वर ४, शिरोरेघेला २, अक्षराला ७, खाली ३. दुकानदार म्हणणार, भो, जाड कर, लांबून दिसलं पाहिजे, आणि नाव पण पूर्ण बसव. उंचीत काटछाट करायला जागाच नाही, मग रुंदीच आवळायची.

दांडा दोन ठिपके, पोकळी दोन, परत दांडा दोन, झाला ठिपक्यांच्या सहा उभ्या रकान्यांत म. आता भ घ्या, त्याच्या डाव्या बाजूला शिरोरेघ तुटलेली हवी, ती फट बुजली की भुसावळचं मुसावळ झालंच. ब च्या पोटातली तिरपी रेघ दोन ठिपक्यांच्या पोकळीत गुदमरते आणि लांबून व वाटतो, म्हणून ब ला एक रकाना जास्त द्यायचा, सगळी अक्षरं एकाच मापाची हवीत हा हट्ट धरायचाच नाही.

आणि ळ! जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, खान्देशात ळ टाळून जाणार कुठे? दोन गोळे शेजारी शेजारी, मधली भिंत सामाईक ठेवली तरी दहा रकाने लागतात, ते बिनधास्त द्यावेत. बचत जोडाक्षरात करा, खान्देश मधल्या अर्ध्या न चा दांडाच जातो, तिथे आयते दोन रकाने सुटतात.

हा फॉन्ट शीर्षकाला, पोस्टरला, पाटीला, टीशर्टला, परिच्छेदाला अजिबात नको. साइज १६ च्या पटीतच ठेवा, ३२, ४८, ६४, मध्येच ४० केलं की ठिपक्यांच्या कडा फिसकटतात. आणि कुणी असा फॉन्ट दाखवला तर आधी धुळे टाइप करून बघा, ध ची फट, उकार, ळ, मात्रा, दोन अक्षरांतच सगळं कळतं.